प्रश्नचिन्हांचा दोष मराठीच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने याच सदरात सुचवले होते की, संगणकाला मराठी झेपत नाही, तेव्हा संस्थांनी सभासदांच्या याद्या सरळ इंग्रजीतच कराव्यात. त्रागा समजण्यासारखा आहे. पण राजारामपुरीत बसून मी अठरा वर्षे सहकारी संस्थांची सॉफ्टवेअर लिहितो आहे, आणि या खटल्यात पिंजऱ्यात उभे करायचे तर माझ्यासारख्यांना करा. (इंग्रजीत लिहून तरी काय साधणार? माने आणि मने यांचे स्पेलिंग एकच होते.)

माझाच दाखला देतो. काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला बिलाचा प्रोग्रॅम बसवून दिला. माझ्या मशीनवर लिनक्स ही कार्यप्रणाली, तिच्यावर तो बिनतक्रार चालत होता, संस्थेत विंडोज. पहिल्याच बिलाला सचिवांचा फोन आला, "सायेब, समद्यांची नावं गेली की वो! निस्ती प्रश्नचिन्हं आल्यात. आता कुणाचं बिल कुणाला देऊ?"

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. फाइल लिहिताना कोणता तक्ता घ्यायचा हे मी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये सांगितलेच नव्हते. मशीन बघून घेईल म्हणून सोडून दिले होते. लिनक्सने यूटीएफ-८ घेतला, त्यात देवनागरी आहे. इंग्रजीवर ठेवलेल्या विंडोजने १२५२ क्रमांकाचा तक्ता घेतला, तो पश्चिम युरोपातल्या भाषांचा. त्यात ना 'क', ना 'ळ'. जे अक्षर सापडले नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकून प्रोग्रॅम मोकळा. 'कोल्हापूर'ची नऊ प्रश्नचिन्हे झाली.

संस्थांमधल्या कारकुनांनी यातला एक फरक ओळखायला शिकावे. एक्सेलमध्ये फाइल उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन:पुन्हा दिसू लागला, तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटचे, म्हणजे तीन आकड्यांचे असते आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. तोच 'ए' होऊन नाचत असतो. माल शाबूत आहे, वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा लावला आहे. फाइल तशीच सेव्ह मात्र करू नका. 'डेटा' मेनूतून ती पुन्हा आणा आणि आणताना यूटीएफ-८ निवडा, नावे जागेवर येतात. प्रश्नचिन्हे आली असतील तर मात्र अक्षर गेलेच. कुठलाही फॉन्ट टाकून ते परत येत नाही. आमच्या सचिवांनी वहीवरून चारशे नावे पुन्हा भरली, मी दोन रात्री शेजारी बसून सांगत होतो.

हा झाला ढोबळ घोळ. मराठीचे म्हणून जे घोळ आहेत ते जास्त चिवट. कऱ्हाडचेच घ्या. त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी 'ऱ' हे वेगळे अक्षर वापरतो, कुणी साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतो. डोळ्याला दोन्ही सारखी, संगणकाला दोन निराळी गावे. त्यात ॲपलच्या मॅक संगणकांच्या जुन्या डिस्क फाइलच्या नावातला 'ऱ' फोडून 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असा ठेवायच्या. 'शेतकऱ्यांची यादी' तिथून लिनक्सवर नेली की समोर दिसत असूनही शोधात सापडत नसे. 'ॲड.'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींच्या ज्या सामाईक यादीवर यूटीएफ-८ उभा आहे तिच्यात, स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ साली. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन भागवायचे आणि पुष्कळजण अजूनही तसेच भागवतात. वकिलांची यादी करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गंमत. फोनची भाषा हिंदी ठेवली तर आकडे इंग्रजी वळणाचेच राहतात, मराठी ठेवली की ते देवनागरी होतात. दूध संकलन केंद्रावरच्या पोराने फोन मराठीवर टाकला आणि दुधाचे फॅट '४.५' असे देवनागरीत गेले. सर्व्हरला तो आकडाच वाटेना. मराठी निवडल्याची शिक्षा! इथेही चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीच. माणसाला दाखवायचा आकडा आणि मशीनला पाठवायचा आकडा त्याने वेगळा ठेवायला हवा होता.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. नोटपॅडने २०१९ मध्ये आणि जावाने २०२२ मध्ये यूटीएफ-८ आपणहून गृहीत धरायला सुरुवात केली. पण तालुक्याच्या संस्थेतले मशीन नवे करतो कोण? त्यामुळे जुनी दुखणी चालूच आहेत.

संस्था सॉफ्टवेअर घेताना शेवटच्या हजारासाठी तासभर घासाघीस करतात. त्यातली दहा मिनिटे इकडे द्यावीत. करारात 'यूटीएफ-८' लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता देण्याआधी कऱ्हाडचा एक सभासद, एक ॲड., एक ज्ञानदेव आणि एक क्षीरसागर अशी नावे भरायला लावावीत. ती यादी विंडोजवर आणि मराठीवर ठेवलेल्या फोनवर उघडून, शोधून, वर्णानुक्रमे लावून दाखव म्हणावे. शाळेत शिकलो त्याप्रमाणे 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी आले पाहिजेत, 'क' आणि 'ज'च्या गठ्ठ्यात नाही. मी स्वतः आता प्रत्येक संस्थेत ही परीक्षा देतो. गेल्या महिन्यात क्षीरसागरांपाशी नापास झालो.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक,
राजारामपुरी, कोल्हापूर