‘दाखल’ या शब्दाचे ९९९ रुपये

दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(प्रत : बिलं काढणारा लेखा विभाग)

विषय : करनिर्धारण वर्ष २०२५-२६च्या रिटर्नसाठी घेतलेले ३,८९२ रुपये, न भरलेला फॉर्म १०-ई (मागच्या वर्षांच्या पगाराचा फरक एकदम मिळाल्यावर करात सवलत मागण्याचा) आणि अडकलेला १२,४८० रुपयांचा परतावा.

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर सव्वीस मिनिटं गेली, त्यातली अकरा तुमची धून ऐकण्यात. हा चौथा फोन होता. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र. लोकांची आयकर रिटर्नं भरून देणं हाच तुमचा धंदा आहे, तेव्हा कलम ८९ म्हणजे काय हे तुम्हाला समजावत बसणार नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे. पुढे राहवलं नाही तर दोष तुमच्या ‘वरिष्ठ करतज्ज्ञां’चा.

आधी बिल. जाहिरातीत ‘पगारदारांचं रिटर्न फक्त ४९९’. २८ जुलैला, सगळी माहिती भरून झाल्यावर, शेवटच्या पानावर जे समोर आलं ते असं : मूळ पॅकेज ४९९, ‘फरकावरील सवलत, गणना व दाखल’ ९९९, ‘कॅपिटल गेन्स’ १,५००, ‘अंतिम तारीख अधिभार’ ३००. बेरीज ३,२९८. त्यावर अठरा टक्के जीएसटी ५९३.६४. एकूण ३,८९१ रुपये ६४ पैसे, आणि तेही तुम्ही पुढच्या रुपयाला टेकवले. ४९९च्या जवळजवळ आठपट.

तीनशेचा अधिभार कशाचा? पगारदारांची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवल्याचं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं (सीबीडीटी) २७ मे रोजीच जाहीर केलं होतं. नंतर आणखी एक दिवस मिळाला तो वेगळा. म्हणजे २८ जुलैला पुरे सात आठवडे हातात होते आणि तुमच्या पानावर ‘शेवटचे ३ दिवस’ अशी लाल पट्टी पळत होती. आयकर रिटर्नचा धंदा करणाऱ्यांना मुदतवाढ दोन महिने कळली नाही, हे मी मान्य करायचं का? कळली होती. पट्टी काढली नाही, इतकंच.

आता कॅपिटल गेन्सचे दीड हजार. इक्विटी फंडातली २०२१ सालची गुंतवणूक नोव्हेंबर २०२४मध्ये मोडली, नफा १८,४०० रुपये. मागचा कुठला तोटा पुढे ओढायचा नाही. या वर्षापासून कलम ११२-एखालचा सव्वा लाखापर्यंतचा असा दीर्घ मुदतीचा नफा आयटीआर-१ या साध्या रिटर्न फॉर्ममध्येच दाखवता येतो : एकूण विक्री, एकूण खरेदी, नफा. कर शून्य. तुमच्या माणसानं ‘कॅपिटल गेन म्हणजे आयटीआर-२’ हे जुनं पाठांतर म्हणून दाखवलं आणि रिटर्न आयटीआर-२ मध्ये भरलं. आयटीआर-२ भरणं चूक नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यातही काम किती? खरेदी ३१ जानेवारी २०१८ नंतरची असली की ११२-एच्या तक्त्यात एकेक व्यवहार लिहावा लागत नाही, सगळं एका ओळीत बसतं. जमा झालेल्या रिटर्नची प्रत माझ्यासमोर आहे. एकच ओळ आहे. दीड हजार रुपयांची एक ओळ!

हे सगळं गिळलं असतं. नाही म्हटलं तरी घासाघीस करायचा कंटाळा येतो. पण ज्या एका कामासाठी माणूस लागतो, ज्याचे ९९९ वेगळे मोजून घेतले, तेच केलं नाही.

वेतननिश्चितीचा फरक २,४०,००० रुपये गेल्या आर्थिक वर्षात एकदम हातात आला. तो तीन वर्षांचा, दरवर्षी ८०,००० : २०२०-२१, २०२१-२२ आणि २०२२-२३. फरक धरून करपात्र पगार १०,८०,०००, नव्या करप्रणालीनं उपकरासह कर ६४,४८०. फरक वगळला तर ८,४०,०००, कर ३५,३६०. म्हणजे फरकामुळे या वर्षी २९,१२० जास्त. आता तोच फरक ज्या त्या वर्षात नेऊन ठेवा. पहिल्या दोन वर्षांत ८०,००० मिळवूनही उत्पन्न पाच लाखांच्या आत राहतं, जुन्या प्रणालीत कलम ८७-एची सूट मिळते, जादा कर शून्य. तिसऱ्या वर्षी वीस टक्क्यांचा टप्पा, जादा कर उपकरासह १६,६४०. वजाबाकी १२,४८०. हीच कलम ८९ची सवलत. टीडीएस पूर्ण ६४,४८० कापलेला होता, तेव्हा १२,४८० परत मिळायला हवेत. तुमचा आकडाही हाच आला. गणना बरोबर केली हे मोकळ्या मनानं मान्य करतो.

पण ही सवलत रिटर्नच्या रकान्यात आकडा टाकून मिळत नाही. फॉर्म १०-ई पोर्टलवर भरावा लागतो, आणि तो रिटर्नच्या आधी. रिटर्नमध्ये त्या रकान्याशेजारीच तशी सूचना छापलेली असते. तुमच्या माणसानं सूचनेशेजारी १२,४८० टाकले आणि पुढे गेला. १०-ई भरलाच नाही. व्हायचं तेच झालं : आयकर खात्याच्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रानं (सीपीसी) कलम १४३(१)च्या सूचनापत्रात सवलत नाकारली, कारण १०-ई नाही. परतावा शून्य.

हे सूचनापत्र २४ सप्टेंबरचं आहे. मला कळलं ३ नोव्हेंबरला. मधले चाळीस दिवस ते तुमच्या इनबॉक्समध्ये होतं, कारण रिटर्नमध्ये ईमेल तुम्ही तुमचा घातला होतात. माझा पत्ता फॉर्ममध्ये भरून दिलेला असताना! सूचनापत्राची पीडीएफ उघडायला लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख लागते. दोन्ही तुमच्याकडे होतं. चाळीस दिवसांत कुणी उघडून पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि मिटलं. दोन्हीपैकी कोणतं जास्त वाईट ते तुम्हीच ठरवा.

आता कालचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ‘गुणवत्तेसाठी’ करता म्हणे. एकदा ऐका.

मी विचारलं, १०-ई का भरला नाही. उत्तर : “सर, १०-ई हा रिटर्नचा भाग नाही. तो क्लायंटनं भरायचा असतो.” मी म्हटलं, बिलातली दुसरी ओळ वाचा. वाचली : फरकावरील सवलत, गणना व दाखल. “गणना केलीय ना सर, १२,४८०.” आणि दाखल? जरा वेळ शांतता. मग : “दाखल म्हणजे सर, रिटर्नमध्ये दाखल.”

मी खरंच दोनदा विचारलं, की बरोबर ऐकलं ना. बरोबर ऐकलं होतं. म्हणजे ९९९ रुपयांत तुम्ही एक आकडा एका रकान्यात दाखल केला. त्यानंतर मला होल्डवर ठेवलं गेलं आणि ‘वरिष्ठ करतज्ज्ञ’ आले. त्यांनी ऐकून घेतलं (निदान मध्ये बोलले नाहीत) आणि म्हणाले, “सर, बारा हजारच आहेत ना? टेन्शन घेऊ नका. आयटीआर-यू आता चार वर्षं भरता येतो. निवांत भरू. त्याचं आपलं पॅकेज आहे.”

हे तुमच्या करतज्ज्ञांना लेखी कळवा : आयटीआर-यूची, म्हणजे मागाहून भरायच्या अद्ययावत रिटर्नची, मुदत चार वर्षं झाली हे खरं, पण आयटीआर-यूमधून परतावा मागताही येत नाही आणि वाढवताही येत नाही. तो जादा कर भरणाऱ्यांसाठी आहे, वर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत अतिरिक्त कर मोजून. माझ्या प्रकरणात सरळ रस्ता एकच : आधी १०-ई, मग कलम १३९(५)खाली सुधारित रिटर्न, ३१ डिसेंबर २०२५च्या आत. १४३(१)चं सूचनापत्र आलं म्हणून सुधारित रिटर्नचा मार्ग बंद होत नाही. निवांत बसलो असतो तर १ जानेवारीला दुरुस्तीच्या अर्जांमागे नाहीतर विलंब माफीसाठी दारोदार फिरायची पाळी. हा सल्ला मी चुकून ऐकला असता तर?

हे मी त्यांना फोनवर सांगितलं. आवाज चढला असेल, नाकारत नाही. तेव्हा ते म्हणाले : “सर, तुम्हाला एवढं सगळं येतं, तर स्वतःच का नाही भरलंत?”

शाळेच्या कार्यालयात शालार्थवर, म्हणजे शाळांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीवर, फरकाची बिलं काढणारा माणूस आहे मी. येतं मला. ज्याला येतं त्यानं पैसे देऊन काम करून घेऊ नये असा काही नियम आहे का? घरी चहा करता येणारा माणूसही टपरीवर चहा पितो, आणि पुचाट निघाला म्हणून तक्रार केली तर टपरीवाला ‘तुम्हीच का नाही उकळलात’ असं विचारत नाही. तो दुसरा कप देतो. तुम्ही दुसऱ्या कपाचे १,९९९ अधिक जीएसटी सांगितले, ‘नोटीस व सुधारित रिटर्न’ या नावानं. चूक तुमची, दुरुस्तीची फी माझी. आणि १०-ईचे ९९९ आधीच घेतलेले आहेत, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते तीनदा सांगूनही कुणाच्या कानात शिरलं नाही.

फी घ्यावी, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. पोर्टल फुकट आहे, फॉर्म फुकट आहेत, पगार आणि टीडीएस आधीच भरून येतात. मग फी कशाची? नजरेची. फॉर्म १६ आणि आयकर खात्याकडच्या नोंदी (२६-एएस, एआयएस) शेजारी ठेवून पाहण्याची, प्रणाली कोणती परवडते ते दोन्हीकडून मांडून दाखवण्याची, रिटर्नआधी कुठला फॉर्म जायला हवा ते ओळखण्याची, आणि सूचनापत्र आल्यावर ते उघडून वाचण्याची. आमच्या तालुक्याच्या गावात साध्या पगारी रिटर्नचे पाचशे ते हजार घेणारे सल्लागार आहेत. टेबलावर गणपती आणि जुना प्रिंटर, पण फरकाचं प्रकरण म्हटलं की पहिला प्रश्न ‘१०-ई झाला का’ हाच विचारतात. तुमच्याकडे ॲप आहे, रंगीत पट्टी आहे, ‘जास्तीत जास्त परतावा’ अशी हमी आहे. परतावा हे गणित आहे हो, जास्तीत जास्त कसला? मला फक्त बरोबर हवा होता. तीन वर्षं तुमच्याकडे रिटर्न भरलं, शाळेतल्या चौघांना तुमचं नाव सांगितलं. त्यातल्या दोघांनाही गेल्या आर्थिक वर्षात फरक मिळाला आहे. काल रात्रीच त्यांना आपापला १०-ई तपासायला लावला. एकाचा नाही.

माझा १०-ई मीही काल रात्री भरला. ई-फाइल, इन्कम टॅक्स फॉर्म्स, १०-ई, करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (फरक ज्या वर्षांचा ती वर्षं इथे निवडायची नसतात, तुमच्या प्रशिक्षणात घ्या), परिशिष्ट १, तक्ता अ मध्ये तीन वर्षांच्या तीन ओळी, आधार ओटीपी. पस्तीस मिनिटं, त्यातली दहा जुने फॉर्म १६ शोधण्यात. सुधारित रिटर्नही मीच भरतो आहे, मूळ पावती क्रमांक टाकून, माझ्या ईमेलवर. ई-पडताळणीला तीस दिवस असले तरी त्याच दिवशी करणार. पोर्टलचा पासवर्ड बदलला आहे. खरं तर तो तुम्ही मागायलाच नको होता आणि मी द्यायला नको होता. ती चूक माझी.

तुमच्याकडून हवं ते एवढंच : ९९९, १,५०० आणि ३०० मिळून २,७९९, त्यावरचा जीएसटी ५०३.८२, एकूण ३,३०२ रुपये ८२ पैसे माझ्या खात्यावर परत. मूळ ४९९ आणि त्यावरचा कर ठेवून घ्या, पगाराचे रकाने बरोबर भरले होते. आणि माझ्या रिटर्नमध्ये तुमचा ईमेल कुणी व का घातला याचं लेखी उत्तर, सहीनिशी.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस. त्यानंतर १९१५वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, तेव्हा ३,३०२ रुपयांसाठी कोण जाईल या भरवशावर राहू नका. मी जाईन. ‘शेवटचे ३ दिवस’च्या पट्टीचा स्क्रीनशॉट तारखेसह आहे. ग्राहकाला खोटी घाई लावणं आणि किंमत शेवटच्या पानापर्यंत थेंबथेंब वाढवणं, ही दोन्ही नावं २०२३च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांच्या यादीत आहेत. तुमच्या विधी विभागाला माहीत असेल. नसेल तर त्याचंही एखादं पॅकेज काढा.

उत्तर लेखी द्या, फोन नको.

तुमचा एक ग्राहक

सोबत : १. २८ जुलैचं बिल. २. १४३(१)चं सूचनापत्र. ३. काल भरलेल्या १०-ईची पोचपावती. ४. पट्टीचा स्क्रीनशॉट.

ता. क. : ज्या सहकाऱ्याचा १०-ई नाही, त्याच्या बिलातही ‘गणना व दाखल’ ९९९ आहेत. त्याचं पत्र वेगळं येईल.