कोऱ्या ठेवलेल्या चौकटीबद्दल आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री खेळ आटोपून आपण सगळे सराफ्यात गराडू खात होतो, तेव्हाच तुमचे आभार मानायचे मनात होते. पण घसा दाटून आला, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका गटात आठ महिने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक पात्रे घेऊन फाशांच्या आधारे खेळायचा कथाखेळ खेळले. पहिल्याच दिवशी माझ्यापुढे आयती भरलेली कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) ठेवण्यात आली: क्लेरिक (दैवी शक्ती वापरणारा पुजारी), लाइफ डोमेन (त्याची बरे करण्यावर भर देणारी शाखा). जखमी सोबत्यांना बरे करणारे कुणीतरी लागतेच, एवढेच कारण मिळाले. २०१४ च्या नियमांत क्लेरिकचे डोमेन पहिल्याच लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) ठरत असे, त्यामुळे त्यांनी लिहिले तेच कायम झाले. माझी पाळी आली की प्रत्येक जण आपले घटलेले हिट पॉइंट (पात्राची उरलेली ताकद) सांगे. तुला काय करायचे आहे, हे एकानेही विचारले नाही. हौसेने घेणाऱ्याच्या हाती लाइफ डोमेन फार शोभते, पण माझ्यावर ते लादलेले होते.

रामबागेतल्या तुमच्या घरी मी चाचरत 'बार्ड' (शब्द-संगीतातून जादू करणारा कलावंत) म्हणाले. तुम्ही ते पेन्सिलीने लिहिलेत, सबक्लासची (पात्राच्या प्रकारातल्या शाखेची) चौकट कोरी ठेवलीत आणि खोडरबर माझ्याकडे सरकवून म्हणालात, "घाई नाही. आधी खेळून बघ." २०२४ च्या नियमांत बाराही क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) सबक्लास तिसऱ्या लेव्हललाच मिळतो, हे मला नंतर कळले, पण नियमात सवड असली तरी दुसऱ्याची चौकट भरायला धावणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि नवख्याला त्याच्या गतीने चालू देण्याचा समंजसपणा मला तुमच्याकडेच भेटला. ती कोरी चौकट मी घरी कितीदा तरी काढून पाहिली.

डान्स, ग्लॅमर, लोअर आणि व्हॅलर या बार्डच्या चार कॉलेजांतून, म्हणजे सबक्लासांतून, मी शेवटी लोअर निवडले. एरवी सोबत्याला उमेद म्हणून द्यायचा सहा पैलूंचा फासा लोअरच्या 'कटिंग वर्ड्स' या क्षमतेमुळे शत्रूविरुद्धही वापरता येतो. परवा आपल्या क्लेरिकवर वार बसणारच होता. मी फासा टाकला, चार पडले, वाराच्या आकड्यातून चार वजा झाले आणि तो हुकला. खेळ चालवणाऱ्याच्या पडद्याआडून मान वर करून तुम्ही हसलात.

बरे करणे मी सोडलेले नाही. हीलिंग वर्ड हा बरे करणारा मंत्र बार्डलाही घेता येतो, आणि मी तो आपणहून घेतला आहे. शीटही तीच आहे. त्या चौकटीत 'लोअर' हा शब्द माझ्या अक्षरात आहे.

आपली ऋणी,
तुमच्या गटातील बार्ड, इंदूर