फेरिचेच्या डॉक्टरमंडळींस

सप्रेम नमस्कार,

एव्हरेस्ट बेस कॅम्पला गट नेणाऱ्या आम्हा मराठी ट्रेक लीडरांकडून हे आभाराचं पत्र. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं तुमचं उपचार केंद्र 1973 पासून बेस कॅम्पच्या वाटेवरच्या फेरिचे गावात आहे आणि दर हंगामात नवे स्वयंसेवक डॉक्टर येतात, म्हणून पत्र कुणा एकाच्या नावे नाही.

पहिले आभार दुपारच्या व्याख्यानाचे. आपलं कळसूबाई 1,646 मीटरला संपतं आणि विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 च्या वर सुरू होतो. सह्याद्रीतला दमसास इथे वाचवत नाही, हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. पटतं ते तुमच्या तोंडून. मळमळलं की ‘पित्त झालंय’, डोकं दुखलं की ‘ऊन लागलं’, ही आपली जुनी खोड. तुमचा हिशेब उलटा: दुसरं कारण सापडेपर्यंत त्रास उंचीचाच समजायचा आणि तो असेतोवर वर चढायचं नाही. उंचीचा त्रास टाळणारी डायमॉक्सची गोळी 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, त्याला घाबरायचं नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल त्यानं मात्र आधी विचारावं.

ऑक्सिमीटरच्या आकड्यापेक्षा आम्हाला तुमची जमिनीवरची सरळ रेष मोलाची वाटते. टाचेला अंगठा टेकवत चालायचं. तोल गेला तर मेंदूला सूज आल्याची शंका. बसल्या जागी धाप लागली तर फुफ्फुसांत पाणी. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरवायचं.

आणि ती दाबाची पिशवी, आत हवेचा दाब वाढवून माणसाला जणू खालच्या उंचीवर नेणारी! माणसाला आत झोपवून चेन लावायची, पायपंप मारत राहायचा. व्हॉल्व्ह सुसू करू लागला की पिशवी भरली असं समजून नवखे थांबतात; तिथेच चुकतं. हवा खेळती राहिली नाही तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आतच साठतो. धाप लागलेल्याला सपाट झोपवत नाही, म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, हेही तुम्हीच शिकवलंत. तास-दोन तासांनी माणूस ताजातवाना दिसतो, पण तो बरा झालेला नसतो. तेवढ्या उसन्या वेळात त्याला खाली चालवत न्यायचं.

पुढच्या हंगामातही गट व्याख्यानाला धाडू. मागच्या बाकावरून कुणी ‘पित्त’ म्हणालं, तर त्याला आधी रेषेवर चालवा.

आपले ऋणी,
मराठी ट्रेक लीडर