परवान्याची वाट पाहणाऱ्याला रिकामा म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा सध्या कॅनडात आहे आणि तो तिथे नोकरी करत नाही. हे मी कुणापासून लपवलेलं नाही. तरी मिरकरवाड्याच्या बाजारात, एसटीत, कुणाच्या हळदीला गेलं की तोच प्रश्न येतो, "काय गो, पोरगा बायकोच्या जिवावर बसलाय म्हणे तिकडे?" एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगावं म्हणून हे पत्र.

मी मिऱ्याची. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. मुलाने आयटीआय केलं आणि बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर लागला. अमोनिया कुठल्या जोडातून गळतोय हे तो नुसत्या वासावर सांगायचा, मालक सुट्टीच्या दिवशीही त्यालाच बोलवायचे. हा मुलगा आळशी नव्हे. सून चिपळूणची, नर्स, लग्नाआधीपासून कॅनडात पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क मिळालेली. लग्न झाल्यावर ती कामावर परतली, हा मागाहून व्हिजिटर व्हिसावर गेला, आणि तिथे दोघांनी मिळून स्पॉन्सरशिपचा, म्हणजे बायकोच्या हमीवर त्यालाही पीआर मिळावा म्हणून, अर्ज भरला.

व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथल्या मालकाकडे नोकरी करता येत नाही. बायको पीआर आहे म्हणून तो हक्क आपोआप मिळत नाही. मात्र सरकारने एक वाट ठेवली आहे. डिसेंबर २०१४ पासून, स्पॉन्सरशिपचा निकाल लागायच्या आधीच, तिथे राहणाऱ्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मागता येऊ लागलं. मे २०२३ मध्ये ही सवलत आणखी वाढवली. स्पॉन्सरशिपचा अर्ज पूर्ण असल्याची पोच यायला हवी, दोघं एकाच पत्त्यावर राहायला हवीत आणि मुक्काम कायदेशीर हवा. फी २५५ डॉलर. परमिट आलं की मालक कुणीही चालतो, एकाच कंपनीला बांधून घ्यावं लागत नाही.

मुलाचा हा अर्ज गेला आहे, परमिट अजून हातात नाही. व्हिजिटरची मुदत संपण्याआधी त्याने मुक्काम वाढवून मागितला, त्यामुळे निर्णय येईपर्यंत त्याचं राहणं वैध आहे. पण राहायची परवानगी वेगळी आणि कामाची वेगळी, आणि गावातला सगळा घोळ इथेच होतो. "अमक्याच्या मुलाचं परमिट संपलं तरी तो कामावर जातो, मग तुझा का जात नाही?" असं मला विचारतात. त्या मुलाकडे आधीपासून वर्क परमिट होतं आणि ते संपायच्या आत त्याने नव्यासाठी अर्ज केला. अशाला निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. माझा मुलगा व्हिजिटर होता, त्याचं व्हिजिटरपणच चालू राहतं. दोघांचेही कागद खरे, पण हक्क निराळे.

याहून मला राग येतो तो फुकटच्या सल्ल्यांचा. जायच्या आधी एका एजंटाने आमच्या ओटीवर बसून सांगितलं, "पोचला की एखाद्या हॉटेलात रोखीवर लागायचं, कोण बघतोय?" आमच्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही माना डोलावल्या. कुणी बघो न बघो, विनापरवाना काम हा तिथे मुक्कामाच्या अटींचा भंग आहे. तो उघड झाला तर देश सोडण्याचा आदेश निघू शकतो, आणि तसं काम केलेल्याला सहसा सहा महिने नवीन वर्क परमिट देता येत नाही. म्हणजे ज्या कागदासाठी थांबायचं, तोच स्वतःच्या हाताने लांब ढकलायचा. शिवाय रोखीवर राबणाऱ्याचा पगार मालकाने बुडवला तर तक्रार करायला तो जाणार कसा? पैसे घेतले नाहीत म्हणजे चालतं, हीही समजूत चुकीची आहे. ज्या कामासाठी तिथला माणूस पगारावर ठेवला गेला असता, ते बिनपगारी केलं तरी कायद्याच्या नजरेत ते कामच असतं.

आपल्या किनाऱ्यावर हे समजायला अवघड जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होडी वर ओढून, शाकारून ठेवणाऱ्या खलाशाला आपण ऐतखाऊ म्हणत नाही. तो जाळी विणतो, इंजिन खोलतो. बंदीत चोरून दर्यात जाणाऱ्यालाच आपण नावं ठेवतो. मग परदेशात कायदा पाळून थांबलेल्या मुलाला वेगळा न्याय का?

आणि तो हातावर हात ठेवून बसलेला नाही. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा कोर्स तिथे स्टडी परमिटशिवाय करता येतो, तसा एक त्याने धरला आहे. रेफ्रिजरेशनच्या कामाला तिथे रेड सील नावाचं प्रमाणपत्र असतं, ते सगळ्या प्रांतांत मानतात. त्याच्या परीक्षेला बसायचं तर आधीच्या कामाचे तास लेखी दाखवावे लागतात. त्यासाठी मी कारखान्यात गेले. पहिलं पत्र मिळालं ते "मुलगा होतकरू व प्रामाणिक आहे" एवढंच. मग लेखनिकाला शेजारी बसून समजावलं. कोणत्या साली लागला, आठवड्याचे तास किती, कुठली यंत्रं हाताळली, हे सगळं लिहून शिक्का घेतला. ज्यांची मुलं हाताचं कसब घेऊन बाहेर जाणार आहेत त्यांनी असं पत्र निघण्यापूर्वीच घ्यावं. कारखाने बंद पडतात, मालक बदलतात, मागाहून कोण शोधून देणार?

ज्यांचं काम संगणकावरचं आहे त्यांना थोडी मोकळीक आहे. भारतातल्या कंपनीची नोकरी व्हिजिटरने कॅनडात बसून केली, मालक आणि पगार दोन्ही इकडचे असले, तर त्याला सहसा वर्क परमिट लागत नाही. कॉम्प्रेसर मात्र लॅपटॉपवरून दुरुस्त होत नाही.

गणपतीला तो आला नाही, यावरूनही बोलणी झाली. आत राहून केलेल्या या अर्जात दोघांनी तिथेच राहत असणं अपेक्षित असतं, आणि बाहेर पडलेल्याला परत आत घेतीलच याची खात्री नसते. चाकरमानी मुंबईहून रात्रीची गाडी धरून येतो तसं हे नाही.

सुनेबद्दल बोलणाऱ्यांना एवढंच सांगते. स्पॉन्सर करताना तिने सरकारला लेखी हमी दिली आहे की नवरा पीआर झाल्यावर ३ वर्षं त्याच्या मूलभूत गरजा ती भागवील. ड्युट्या करून, बर्फात बस पकडून ती घर चालवते आहे. माझ्या सासूने नवरा गिरणीत असताना इथे भात लावून चार पोरं वाढवली, संपाच्या काळात तर मनीऑर्डरही बंद झाली. तेव्हा माझ्या सासऱ्यांना कुणी बायकोच्या जिवावर जगणारा म्हटलं नाही. नवरा-बायको एकमेकांच्या जिवावरच संसार करतात. मला या मुलीचा अभिमान आहे.

परदेशातलं स्थळ बघताना, मुलगा असो वा मुलगी, जाणाऱ्याला तिथे काम करता येईल का आणि कधीपासून, हे सुपारी फुटायच्या आधी विचारा. प्रत्येक देशाचं निराळं आहे. जर्मनीत जोडीदार म्हणून निवास परवाना मिळाला की नोकरीही करता येते. अमेरिकेत एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला साधारणपणे नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि तो वेगळा मागावा लागतो. दुबईला नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईलाही नोकरी धरता येते, पण तिच्या मालकाने कामाचा परवाना काढल्यावरच. दापोली-खेडकडच्या घरांना हे पाठ आहे, त्यांना विचारलं तरी पुष्कळ कळेल.

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत लगेच करा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला देणारा तिथलाच वकील किंवा तिथला परवानाधारक सल्लागार असावा लागतो. त्या सल्लागारांची यादी कुणालाही बघता येते. ओटीवर बसून "कोण बघतोय" म्हणणाऱ्याचं नाव तिथे आहे का, ते आधी पाहा.

माझी मागणी साधी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांनी आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलामुलींसाठी या विषयावर वर्षातून एक दिवस तरी ठेवावा आणि आई-वडिलांनाही बोलवावं. आपल्या वृत्तपत्रानेही जाणकारांकडून देशवार माहिती लिहवून घ्यावी. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे सोयरिकींच्या बैठका सुरू होतात. त्याआधी ती छापून आली तर बरं होईल.

आपली,
एक आई
मिऱ्या, ता. रत्नागिरी