फाउंड्रीतल्या कामगाराच्या अंगावर पॉलिएस्टर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीत सूतगिरणीत रिंगफ्रेम (सुताला पीळ देणारं यंत्र) खात्यात बावीस वर्षं काम करतोय, पत्र लिहायची सवय नाही, पण गेल्या उन्हाळ्यात जे बघितलं ते सांगितल्याशिवाय राहवेना. माझा मेव्हणा कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, ओतकामाला आहे. लॅडलमधनं (वितळलेल्या धातूच्या मोठ्या डावातनं) ओतताना धातू उसळला आणि चार थेंब त्याच्या बाहीवर पडले. थेंब लहानच होते, त्यानं झटकून टाकले, पण अंगात होता कंपनीनं दिलेला पॉलिएस्टर मिक्स शर्ट, तो वितळून दंडाला चिकटला. डॉक्टर चिमट्यानं एकेक तुकडा काढत होते आणि मी बाजूला उभा होतो. तो तुकडा हातात घेतला तर प्लास्टिकसारखा टणक, कडेला काळा मणी झालेला. सूत ओळखायला आम्ही रोज धागा लायटरवर धरतो त्यामुळं तो मणी मला लगेच कळला. कापूस जळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिएस्टरचा मणी होतो.

लोकांना वाटतं थोडा कॉटन घातला की शर्ट सेफ झाला. उलट आहे हो. समई आठवा, कापसाची वात आणि त्यात तेल. मिक्स कापडात कापूस जळून कोळसा होतो आणि उभा राहतो, वितळलेलं पॉलिएस्टर त्यात शोषलं जातं आणि त्या वातीवर जळत राहतं, निव्वळ पॉलिएस्टर निदान गळून तरी पडतं. आणि आपल्याकडं युनिफॉर्मला सगळ्यात जास्त खपतं ते हेच पॉलिएस्टर-कापूस मिक्स, टेरिकॉट, कारण स्वस्त, टिकाऊ आणि इस्त्री लागत नाही.

ह्यावर उपाय सुतातच आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कापसाला जळत राहायला साधारण १८ टक्के पुरतो, पॉलिएस्टरला २०-२१, लोकरीला २५ च्या आसपास लागतो आणि मेटा-अरॅमिड ह्या आग सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याला २८ च्या वर, म्हणजे साध्या हवेत ज्वाळा बाजूला केली की ते आपोआप विझतं. मग सगळं अरॅमिडचंच का करत नाही? महाग आहे, रंग नीट धरत नाही, आणि वितळलेल्या धातूचा थेंब त्यावर चिकटून बसतो. मोडॅक्रिलिक हा दुसरा कृत्रिम धागा आग विझवतो, शेजारच्या कापसालाही वाचवतो, पण ताकद कमी. काच जळतच नाही, पण वाकवली की तुटते आणि अंगाला खाजते. म्हणून कंपोझिट, म्हणजे जोड सूत करतात, आत काचेचा किंवा पॅरा-अरॅमिडचा (अरॅमिडचाच जास्त मजबूत प्रकार) फिलामेंट, म्हणजे अखंड लांब तंतू, आणि वरनं विझणाऱ्या फायबरचं वेष्टण. वरचं जळून कोळसा झालं तरी आतला धागा कापडाला फाटू देत नाही, आणि कापड फाटलं नाही तर आग कातडीपर्यंत पोचत नाही.

हे आपल्या साध्या रिंगफ्रेमवर होतं. फिलामेंट यंत्राच्या पुढच्या रोलरच्या मागनं बरोबर मधोमध सोडायचा, खेळ सगळा त्या मधोमधचा. जरा बाजूला सरकला की एका अंगानं उघडा पडतो, पीळ कमी पडला तर मागावर वही-फणीत (धागे ओवतात त्या भागांत) घासून वरचं वेष्टण सुरवंटासारखं मागं सरकतं आणि आतली काच चमकायला लागते. आमच्याकडं एकदा सॅम्पल काढलं होतं, पहिल्या दिवशीच्या सगळ्या कांड्या टाकून द्याव्या लागल्या, तिसऱ्या दिवशी जमलं.

पण एकच सूत सगळ्यांना चालत नाही हेही सांगतो. वेल्डरची ठिणगी वेगळी, इलेक्ट्रिकच्या शॉर्टचा भडका वेगळा, वितळलेलं लोखंड वेगळं. फाउंड्रीला वरनं लोकर, एफआर (आगीला दाद न देणारं) व्हिस्कोस किंवा चांगली ट्रीटमेंट केलेला कापूस बरा, धातू घरंगळून जातो. व्यापारी मात्र एकच 'एफआर' कापड सगळ्यांना विकतात, त्यातलं काही तर नुसतं बोरॅक्ससारखं मीठ मारलेलं असतं, एक-दोन धुण्यात निघून जातं. कामगाराला कळणार कसं? घ्यायच्या आधी तुकडा दहा वेळा धुऊन मग पेटवून बघा, एवढं तरी खरेदी बघणाऱ्यांनी करावं ही हात जोडून विनंती.

केंद्रानं २०२० मध्ये टेक्निकल टेक्स्टाइल (खास कामाचं कापड) मिशनला १४८० कोटी मंजूर केले, २०२३ मध्ये अग्निशमन जवानांचे कपडे, पडदे वगैरेंना क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे दर्जाची सक्ती, लावली. चांगलं केलं. पण संरक्षक कापडाचं सेंटर आहे गाझियाबादला, निट्रा ह्या कापड संशोधन संस्थेत. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालतोय, गावात टेक्स्टाइल कॉलेज आहे, आणि तीसेक किलोमीटरवर शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत एवढ्या फाउंड्र्या. सूत काढणारा, कापड विणणारा आणि ते अंगावर घालणारा तिघंही एका जिल्ह्यात असताना त्यांची गाठ पडत नाही. छोट्या गिरणीला दोनशे किलोच्या लॉटसाठी टेस्टिंग परवडेल अशी सोय इथंच व्हावी आणि फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेनं पहिली ऑर्डर एकत्र द्यावी, एकेकट्या कारखान्याला ते झेपणार नाही हे मलाही समजतं.

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच कारखान्यांत दिवाळीला कामगारांना ड्रेसचं कापड वाटतात आणि त्याच्या ऑर्डरी गणपतीच्या आसपास निघतात. म्हणून पत्र आत्ताच पाठवतोय, तेवढ्या आत छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक सूतगिरणी कामगार, इचलकरंजी