न दुखणारी जखम

संपादक महोदय,

प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या जखमेची. सिफिलिस या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजाराची पहिली जखम संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी उठते आणि औषधाविना ३ ते ६ आठवड्यांत भरून येते. माणूस निर्धास्त होतो. जंतू मात्र शरीरातच असतात. पुढे तळहात-तळपायांवर सहसा न खाजणारे पुरळ, ताप, गाठी. तेही ओसरते. मग कित्येक वर्षे शांतता, आणि काहींच्या हृदयावर, मेंदूवर घाला. गरोदर बाईकडून हा आजार बाळाला होतो, बाळ पोटातच दगावू शकते. आणि सुरुवातीला पेनिसिलिनचे एक इंजेक्शन बहुधा पुरते! गरोदरपणी पहिल्याच भेटीत रक्ततपासणी करून घ्या, नवऱ्याचीही.

— एक परिचारिका