विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीचे कागद पुरात जाण्याआधी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

सर्कस म्हटलं की आपल्या खात्यात कुणालाही आधी केरळ आठवेल. ते वावगं नाही. तलश्शेरीजवळ चिरक्करला कीलेरी कुन्हिकन्नन यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळा काढली आणि पुढं देशभरच्या तंबूंना कलावंत पुरवले ते त्याच मुलखानं. पण देशातली पहिली सर्कस काढली ती आमच्याकडच्या माणसानं.

विष्णुपंत छत्रे हे मूळचे चाबूकस्वार. कुरुंदवाड संस्थानची पागा त्यांच्याकडं होती. शिवाय ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांकडं गाणं शिकलेले. (घोडे आणि ख्याल दोन्ही एकाच माणसाला वश! असा माणूस नाटकात दाखवला तर खोटा वाटेल.) मुंबईत इटालियन किआरिनीची सर्कस आली, ती पाहून त्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. घोड्यावरची कामं स्वतः विष्णुपंतांची, झुल्यावर त्यांच्या पत्नी, आणि सोबत घरातलेच काशीनाथपंत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरातली बाई झुल्यावर, हे जरा थांबून वाचावं, ही विनंती. गुरुपुत्र रहिमतखाँ यांनाही विष्णुपंतांनी आपल्या पंखाखाली घेतलं. रहिमतखाँ पुढं कुरुंदवाडातच राहिले आणि १९२२ मध्ये तिथंच वारले.

मग देवलांची सर्कस आली, कार्लेकरांची आली. या सगळ्या घरच्याच कंपन्या.

वाघ-सिंह परत आणा, असं मी म्हणत नाही. १९९८ च्या अधिसूचनेनं ते रिंगणातून गेले, २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं लहान मुलंही गेली. दोन्ही योग्यच झालं. घरच्या कंपनीत पोर चालायला लागलं की तारेवर चढायचं, त्याला कुणी विचारलेलं नसायचं. तेही लिहून ठेवायला हवं.

अडचण आहे ती कागदांची. शिरोळ तालुक्यातल्या एका घरी मी जुन्या सर्कस कंपनीचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पाहिला. घोड्यांचा हरभरा, कडबा, रॉकेल, बैलगाड्यांचं भाडं, आणि त्याच पानावर कंपनीतल्या एका बारशाचा खर्च. निम्मी पानं २०१९ च्या पुरातल्या गाळानं एकमेकांना चिकटली आहेत. सोडवायला गेलं की शाई पलीकडच्या पानावर उतरते. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा ट्रंक माळ्यावर चढवली म्हणून उरलंसुरलं तरी वाचलं.

स्मारक नको, कमान नको, पुतळा तर नकोच. कोल्हापुरात आपल्याच खात्याचं पुराभिलेखागार आहे. तिथली दोन-तीन जाणती माणसं स्कॅनर घेऊन कुरुंदवाड, म्हैसाळ, सांगली या भागात घरोघरी पाठवा. रोजमेळ, हँडबिलं, फोटो, दौऱ्यांवरून आलेली पत्रं, जे सापडेल त्याची प्रत काढा. मूळ कागद मात्र ज्याचे त्याच्याकडंच राहू द्या. कचेरीत गेलेली वस्तू परत येते यावर इथं कुणाचा विश्वास नाही, आणि त्याला कारणंही आहेत. त्याच फेरीत तंबूत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. जाळं कसं बांधायचे, चिखलात खांब कसा उभा करायचे, हे कुठल्याही रोजमेळात लिहिलेलं नसतं.

पंचगंगा-कृष्णेचं पाणी जुलैत चढायला लागतं. पथकाची तारीख त्याआधीची धरावी.

आपला,
एक कोल्हापूरकर